अटॅचमेंट गेली कुठे? मेलमधल्या फायलींची पार्श्वभूमी

पाठवणारा म्हणतो, फाइल जोडली होती, आणि त्याच्या ‘सेंट’मध्ये ती दिसतेही. ज्याला पाठवली तो म्हणतो, मेल आला पण फाइल नाही. दोघंही खरं बोलत असतात. तोच मेल तिसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडला की फाइल अलगद समोर येते, आणि मग नक्की चूक कुणाची यावर वाद सुरू होतो.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. मेलला चिकटवलेली फाइल अशी वेगळी वस्तू कुठेच नसते. मेल म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच सलग मजकूर, आणि फाइल त्याच मजकुरात अक्षरांच्या रूपात मिसळलेली असते. त्यातला कुठला भाग वाचायचा आणि कुठला पेपरक्लिपच्या खुणेखाली दाखवायचा, हे वाचणारा प्रोग्रॅम ठरवतो. दोन प्रोग्रॅमनी वेगळं ठरवलं की फाइल ‘हरवते’.

असं का झालं, याची मुळं पार सुरुवातीला आहेत. १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला तेव्हा फायलींचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट १९८२मध्ये मेलचे नियम दोन दस्तऐवजांत पक्के झाले. इंटरनेटच्या नियमांच्या अशा क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ मेल कसा वाहून न्यायचा ते सांगतो, तर डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२ मेलचं रूप कसं असावं ते. त्यानुसार मेलमध्ये फक्त सात बिटांची (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) अक्षरं चालत, म्हणजे एकूण १२८ चिन्हं, आणि एका ओळीत जास्तीत जास्त १००० अक्षरं. फोटो, आवाज, प्रोग्रॅम यांतला प्रत्येक बाइट आठ बिटांचा. तो तसाच पाठवला तर वाटेतलं एखादं यंत्र आठवा बिट छाटून टाकायचं आणि फाइल निकामी व्हायची. देवनागरीलाही त्या १२८ चिन्हांत जागा नव्हती.

यावरचा तोडगा मात्र त्याआधीच निघाला होता. १९८०मध्ये बर्कले इथे मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड हा प्रोग्रॅम लिहिला. कल्पना फार सुंदर आहे. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटासाठी छापता येणारं एक अक्षर लिहायचं. पहिल्या ओळीत ‘बिगिन’ हा शब्द, एक परवानगीचा आकडा आणि फाइलचं नाव. शेवटी ‘एंड’. मधल्या प्रत्येक पूर्ण ओळीची सुरुवात ‘एम’ या अक्षराने, कारण ओळीत ४५ बाइट आहेत हे ते अक्षर सांगतं. ज्याने त्या काळी मेल उघडून ‘एम’ने सुरू होणाऱ्या शेकडो ओळींची भिंत पाहिली आहे, तो ती विसरलेला नसेल. ते सगळं वेगळं सेव्ह करायचं आणि उलट प्रोग्रॅम चालवून फाइल परत मिळवायची. वाटेतल्या यंत्रांनी ओळींच्या शेवटची मोकळी जागा खाल्ली किंवा काही चिन्हं बदलली की ते सगळे कष्ट वाया.

मॅकवाल्यांची अडचण आणखी निराळी. त्यांच्या फाइलला दोन अंगं असत, एकात माहिती आणि दुसऱ्यात चिन्हं, मेन्यू वगैरे. दोन्ही एकत्र नेण्यासाठी त्यांनी बिनहेक्स वापरलं. म्हणजे पाठवणारा एका पद्धतीचा आणि घेणारा दुसऱ्या पद्धतीचा असला की समोर नुसता अक्षरांचा ढीग.

इथे एक सवय लागली आणि तिने पुढे बराच त्रास दिला. मजकूर पाहून ‘इथे फाइल असावी’ असा अंदाज बांधण्याची सवय. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये एखादी ओळ ‘बिगिन’ या इंग्रजी शब्दाने सुरू झाली आणि त्यापुढे दोन मोकळ्या जागा आल्या, तर प्रोग्रॅम समजायचा की इथून यूयूएन्कोड केलेली फाइल सुरू झाली. पुढचा साधा मजकूर गायब व्हायचा आणि त्याऐवजी एक रिकामी अटॅचमेंट दिसायची. फाइल हरवण्याच्या तक्रारी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. हा प्रकार बरोबर उलटा होता. इथे पत्रच फाइल बनून हरवायचं.

अंदाजाचा हा खेळ थांबवला माइमने. बेलकोरचे नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी ही पद्धत रचली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी एक मेल पाठवला. त्यात त्यांच्या हौशी गायक चौकडीचा फोटो होता आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रणही. जूनमध्ये आरएफसी १३४१ म्हणून नियम प्रसिद्ध झाले, आणि नोव्हेंबर १९९६मध्ये आरएफसी २०४५ ते २०४९ या पाच दस्तऐवजांत त्यांना आजचं रूप मिळालं.

माइमने मेलचे भाग पाडले. दोन भागांमध्ये एक खुणेची ओळ, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर तो कशाचा आहे त्याची चिठ्ठी: मजकूर, चित्र, पीडीएफ. बाइटांची अक्षरं करायला बेस६४ घेतलं. तत्त्व तेच, तीन बाइटांची चार अक्षरं, पण चिन्हं अशी निवडली की कुठल्याही यंत्रातून सहीसलामत बाहेर पडतील: मोठी आणि लहान रोमन अक्षरं, दहा अंक, अधिक आणि तिरकी रेघ. ओळ जास्तीत जास्त ७६ अक्षरांची. मेल नेणारी जुनी यंत्रं जागच्या जागी होती, त्यांच्यात काही बदलावं लागलं नाही. तीसहून अधिक वर्षं झाली, आपण अजून हेच वापरतो. माझ्या मते संगणकाच्या जगात इतक्या समंजसपणे केलेली कामं थोडी आहेत.

पण एक गोष्ट सुटली होती. हा भाग काय आहे हे माइम सांगायचं, तो कसा दाखवायचा हे नाही. चित्र मजकुरातच उघडून दाखवायचं की खाली खूण करून ठेवायचं? रेन्स ट्रूस्ट आणि युडोरा या मेल प्रोग्रॅमचे कर्ते स्टीव्ह डॉर्नर यांनी १९९५मध्ये त्यासाठी कंटेंट-डिस्पोझिशन ही आणखी एक ओळ सुचवली. १९९७मध्ये आरएफसी २१८३ने ती पक्की केली. तिच्यात मुख्यतः दोनपैकी एक शब्द येतो: ‘इनलाइन’, म्हणजे मजकुरातच दाखवा, किंवा ‘अटॅचमेंट’, म्हणजे वेगळी ठेवा. ही ओळ नसेल तर काय करायचं, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आजच्या निम्म्या तक्रारी या एका ओळीपाशी येऊन थांबतात असं मला वाटतं. एका प्रोग्रॅमने पीडीएफवर ‘इनलाइन’ लिहिलं, कारण पत्रात तिचं पहिलं पान छान दिसतं. दुसऱ्या प्रोग्रॅमला पीडीएफ आत दाखवता येत नाही, आणि ‘इनलाइन’ लिहिलंय म्हणून तो ती यादीतही घेत नाही. फाइल मेलमध्ये जशीच्या तशी पडून असते.

भागांची रचनाही महत्त्वाची. भाग एकात एक बसवता येतात, फांद्यांसारखे. ‘मिक्स्ड’ म्हणजे सगळे भाग एकामागोमाग दाखवा. ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे एकाच मजकुराची अनेक रूपं आहेत, झेपेल ते एकच निवडा. ‘रिलेटेड’ म्हणजे एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या मजकुरात, जागोजागी बसवायची चित्रं. आता एखाद्या प्रोग्रॅमने फाइल ‘अल्टरनेटिव्ह’मधल्या एचटीएमएलच्या फांदीवर टांगली, आणि वाचणाऱ्याने साधा मजकूर वाचण्याची सेटिंग ठेवली असेल, तर ती फांदी निवडलीच जात नाही. मजकूर दिसतो, फाइल नाही. ॲपल मेलकडून आलेल्या मेलमध्ये ही रचना वारंवार आढळते. ‘रिलेटेड’मध्ये टाकलेल्या फाइलचंही तसंच: मजकुरात तिचा उल्लेख नसेल तर काही प्रोग्रॅम तिला कुठेच जागा देत नाहीत. आणि ॲपल मेलने मजकुराच्या मधोमध फाइल ठेवली की तिच्यापुढचा मजकूर आउटलुकमध्ये ‘एटीटी००००१’ अशा नावाची निराळीच फाइल बनून येतो.

म्हणून तपासणीची सुरुवात मेलच्या आकारापासून करावी. दोन ओळींचा मेल आणि आकार चार एमबी? मग फाइल आतच आहे. त्यानंतर मूळ सोर्स, म्हणजे मेलचा तो सलग कच्चा मजकूर, उघडावा. थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू, जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’, ॲपल मेलमध्ये ‘रॉ सोर्स’. बेस६४ची लांबलचक भिंत दिसली की तिच्या डोक्यावरच्या तीन-चार ओळी वाचाव्यात, उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. जुन्या डेस्कटॉप आउटलुकची अडचण अशी की तो आलेला मेल आपल्या साच्यात बदलून साठवतो, त्यामुळे वरचे हेडर, म्हणजे पाठवणारा, तारीख वगैरे ओळी, दिसतात पण पूर्ण मूळ मजकूर नाही. अशा वेळी तोच मेल ब्राउझरमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाहणं बरं.

आउटलुकच्या या साच्यातूनच ‘विनमेल.डॅट’ जन्मली. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये मेल म्हणजे अक्षरांचे ठसे, मतदानाची बटणं, बैठकीची निमंत्रणं अशा अनेक गुणधर्मांचा संच होता. तो साध्या इंटरनेट मेलमध्ये मावेना. म्हणून टीएनईएफ नावाचं एक गाठोडं केलं, सगळे गुणधर्म त्यात बांधले, आणि जोडलेल्या फायलीसुद्धा त्यातच. समोर आउटलुक असेल तर गाठोडं आपोआप सुटतं आणि कुणाला काही कळतही नाही. समोर दुसरा प्रोग्रॅम असेल तर करारपत्र, फोटो, तक्ता, जे काही पाठवलं त्याच्याऐवजी एकच न उघडणारी ‘विनमेल.डॅट’ दिसते. हे फक्त ‘रिच टेक्स्ट’ स्वरूपात पाठवल्यावर होतं. पाठवणाऱ्याने एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडला की प्रश्न मिटतो. तरीही एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा तीच फाइल जात राहिली तर त्याच्या संपर्क नोंदीत ‘रिच टेक्स्ट’ जतन झालेलं असतं, किंवा सर्व्हरवर तशी सेटिंग असते. घेणाऱ्याला गाठोडं सोडवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात, थंडरबर्डसाठी लुकआउट नावाचं ॲड-ऑन आहे.

नावांचा इतिहास आपल्याला जास्त जवळचा. फाइलचं नाव रोमन लिपीबाहेरचं असेल तर ते कसं लिहायचं, याचा नियम नोव्हेंबर १९९७मध्ये आरएफसी २२३१ने दिला. त्याआधीच अनेक प्रोग्रॅम मेलच्या विषयासाठी केलेली पद्धत फाइलच्या नावालाही लावत होते, नियमात मनाई असूनही. आजही दोन्ही पद्धती सापडतात. ‘अहवाल’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक चिन्हयादीत, पाच चिन्हं; ती बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १५. नव्या पद्धतीने प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहायचा, म्हणजे ४५ अक्षरं. नाव जरा लांब असलं की त्याचे तुकडे करून क्रमांक द्यावे लागतात. हे तुकडे जोडता न येणारा प्रोग्रॅम नाव टाकून देतो. नावाबरोबर एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, जातं, आणि मग फाइल कशात उघडायची तेही कळत नाही. जीमेलमध्ये ‘नोनेम’ दिसलं तर हाच संशय आधी घ्यावा. फाइल सेव्ह करून नावापुढे योग्य एक्स्टेन्शन लावलं की बहुतेकदा उघडते.

काही फायली मुद्दाम लपवलेल्या असतात. मार्च १९९९मध्ये मेलिसा आणि मे २०००मध्ये आयलव्हयू या व्हायरसांनी मेलमधून जगभर धुमाकूळ घातला. आयलव्हयूच्या फाइलच्या नावात शेवटच्या व्हीबीएसच्या (ही प्रोग्रॅमची खूण) आधी टीएक्सटी होतं, त्यामुळे ती साधा मजकूर वाटायची. त्यानंतर आउटलुकने धोकादायक प्रकारच्या फायली अडवायला सुरुवात केली. मेलच्या वरच्या बाजूला तशी एक ओळ दिसते, ती वाचायला विसरू नये. जीमेलने एक्झी फायली अडवल्या, फेब्रुवारी २०१७पासून जावास्क्रिप्टच्या फायलीही. झिप केल्याने सुटका होत नाही, झिपच्या आतही पाहिलं जातं.

आकाराचा हिशेबही बेस६४मुळेच चुकतो. तीनाचे चार होतात, वर ओळींचे शेवट, म्हणजे सुमारे ३७ टक्के वाढ. पूर्ण मेलला २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर मूळ फाइल १८ एमबीपर्यंतच जाते. पूर्वी आउटलुक एक्स्प्रेस मोठा मेल तुकड्यांत पाठवू शकत असे, पण ते तुकडे पुन्हा सांधणारे प्रोग्रॅम थोडेच होते.

आता मोठ्या फायली मेलमधून जातच नाहीत. जीमेल मर्यादेपलीकडची फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवतो, तर ॲपलने २०१४मध्ये आणलेल्या मेल ड्रॉपचा दुवा ३० दिवसांनी संपतो. त्यामुळे जुन्या मेलमध्ये फाइल सापडत नसेल, आकार जेमतेम काही केबी असेल आणि सोर्समध्ये बेस६४ची भिंतही नसेल, तर मेलची तारीख पाहावी. महिना उलटून गेला असेल तर ती फाइल त्या मेलमध्ये कधीच नव्हती. ती पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावी लागेल.