बंद पट की जास्तीचा घोडा?

‘ग्रँडमास्टरने इंजिनला (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामला) हरवलं’ असं कोणी सांगितलं, की आधी विचारावं: मोहरी दोघांची सारखी होती का? संगणकविरोधी खेळ आणि सवलतीचा डाव यांची सर्रास गल्लत होते. एकीकडचा सल्ला दुसरीकडे लावला, तर हातचा डाव जातो.

संगणकविरोधी खेळात सुरुवात बरोबरीची असते. माणूस पटाचं रूप बदलतो. प्यादी एकमेकांत अडकवायची, रांगा उघडू द्यायच्या नाहीत. जुनी इंजिनं ठरावीक खोलीपर्यंतच चाली मोजत. फार उशिरा फळणारी योजना त्यांना दिसतच नसे. २००३ मध्ये न्यूयॉर्कला माजी जगज्जेत्या कास्पारोव्हने एक्सथ्रीडी फ्रिट्झ या इंजिनविरुद्धचा तिसरा डाव असाच जिंकला. फ्रिट्झ नुसता मोहरी मागेपुढे करत राहिला. २००८ मध्ये अमेरिकी ग्रँडमास्टर नाकामुराने तर रिब्का या इंजिनची थट्टाच मांडली. तीन मिनिटांचा डाव, चाली २७१! पट पुरता कुलूपबंद, पण रिब्काच्या हिशेबाने ती पुढे होती. पन्नास चालींच्या नियमाने (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही की काही मारलं गेलं नाही, तर बरोबरी) डाव सुटू नये म्हणून तिने स्वतःच कोंडी फोडली आणि हरली. नाकामुराने पुढे प्याद्यांना बढती देताना वजीर न घेता उंट घेतले. निव्वळ खोडसाळपणा. २०२० पासून स्टॉकफिश हे इंजिनही न्यूरल नेटवर्कने, म्हणजे असंख्य स्थितींवरून शिकलेल्या प्रणालीने, स्थिती जोखतं, त्यामुळे या युक्तीत आता फारसा दम नाही.

सवलतीच्या डावात इंजिन आधीच एखादं मोहरं किंवा प्यादं कमी घेऊन बसतं. इथे लपायचं कशाला? मारामारी करत सुटायचं, म्हणजे मोहऱ्याला मोहरं देऊन अदलाबदल करायची. मोहरी जितकी कमी, तितका जास्तीचा घोडा भारी. पट कोंडून ठेवला तर उलट इंजिनला फसवायला वेळ मिळतो. अर्थात सवलत किती, यावर सगळं ठरतं. २०१६ मध्ये कोमोडो या इंजिनने छोट्या सवलती देऊनही नाकामुराला २.५–१.५ असं हरवलं. २०२० मध्ये घोडा दिला, तेव्हा ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनने त्याला ५–१ ने लोळवलं.

गल्लत वाढते ती रशियन ग्रँडमास्टर क्रामनिकमुळे. २००२ मध्ये बहारीनला त्याने डीप फ्रिट्झशी ४–४ बरोबरी साधली, तीही वजिरांची लवकर मारामारी करून, आणि मोहरी मात्र सारखीच! तिथे जास्तीचं मोहरं वटवायचं नव्हतं, डावपेचांचा दारूगोळाच पटावरून हटवायचा होता.

लीला या इंजिनची घोड्याच्या सवलतीसाठी घडवलेली आवृत्ती नेमकी ही मारामारीच टाळते. पट गुंतागुंतीचा ठेवते आणि जलद डावांत ग्रँडमास्टरांनाही घोडा कमी असताना हरवते.