इसब : 'रक्तातली उष्णता' ते कातडीची भिंत

वेंगुर्ल्याला आमच्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांचा होईस्तोवर त्याच्या ताटात बांगडा आलाच नाही, कारण इसब. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे लालभडक चट्टे, पोर रात्रभर खाजवायचं, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. आजी म्हणायची रक्तात उष्णता आहे, ती बाहेर पडतेय, मासळी बंद करा.

इसबाला इंग्रजीत एक्झिमा म्हणतात, हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थही जवळपास आजीचाच, उकळून वर येणं! म्हणजे हा समज फार जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही. 1892 मध्ये फ्रान्सचे डॉक्टर बेनिए यांनी नोंदवलं की ही खाज घराण्यात चालते आणि दमा, शिंकांच्या ऍलर्जीसोबत येते. 1923 ला अमेरिकेतल्या कोका आणि कुक यांनी ॲटोपी, म्हणजे घराण्यात चालणारी ऍलर्जीची प्रवृत्ती, हा शब्द आणला, 1933 ला वाइज आणि सल्झबर्गर यांनी या इसबाला ॲटोपिक डर्मटायटिस हे नाव दिलं. नाव बसलं आणि सगळ्यांची नजर ऍलर्जीवर, म्हणजे खाण्यावर गेली ती गेलीच.

खरी कलाटणी 2006 ला. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या टीमने दाखवलं की बऱ्याच पेशंटमध्ये फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्येच दोष असतो. हे प्रोटीन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं, ओल धरून ठेवतं. चिऱ्याच्या भिंतीच्या सांध्यातला चुना गळाला की कसं, आतली ओल निघून जाते आणि बाहेरचं काहीबाही आत शिरतं, धूळ, साबण, जंतू सगळं. म्हणजे बऱ्याचदा आधी कातडी फुटते आणि ऍलर्जी मागून येते. म्हणून टेस्ट न करता, डॉक्टरांना न विचारता पोराचं अंडं-मासळी तोडणं मला चुकीचंच वाटतं, वाढत्या वयात पोषण जातं आणि खाज तशीच राहते.

मग जन्मापासून क्रीम लावलं तर इसब होणारच नाही का? ब्रिटनमध्ये 1394 बाळांवर हेच करून बघितलं, 2020 ला निकाल आला, वर्षभर रोज लावूनही फरक पडला नाही. वाईट वाटलं वाचून. पण झालेलं इसब आटोक्यात ठेवायला मॉइश्चरायझर लागतंच, आणि फिलिपाइन्समध्ये मुलांवरच्या अभ्यासात व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं, आपल्याकडे ओल्या नारळाचं दूध आटवून तेल काढतातच की.

कोकणात त्रास वाढतो तो मे महिन्यातल्या घामाने, आणि पावसात गोधड्या वाळत नाहीत, दमट अंथरुणात धुळीचे बारीक किडे फोफावतात त्याने. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चोळू नका, कातडी पातळ होते. डॉक्टरांनी सांगितलेलं स्टेरॉइड मात्र भीतीने अर्धवट सोडू नका.

आमच्याकडे आता न्हाणीच्या फळीवरच क्रीमचा डबा असतो, अंग टिपलं की ओलसर असतानाच चोपडायचं. बांगडा परत ताटात आलाय, आणि बहीण अजून रोज सकाळी आधी चादर उलगडून बघते.