‘सध्या काय वाचताय?’ ह्या प्रश्नाची जुनी भानगड

दोन सायफाय-फॅन्टसीवाले भेटले की नाव-गाव नंतर, आधी ‘सध्या काय चालू आहे?’ आणि चालू म्हणजे आयुष्यात नाही, वाचनात. समोरचा पण एक नाव सांगून थांबत नाही, तो तीन सांगतो, एक कानात चाललेलं ऑडिओबुक, एक किंडलवर, आणि एक उशाशी पडलेलं जाडजूड ज्याची महिन्याभरात दहा पानंसुद्धा पुढे सरकलेली नाहीत. मला बरेच दिवस वाटायचं की हे लोक जितके जुने तितकाच हा प्रश्न जुना असणार. पण मागे जाऊन बघितलं तर तसं नाहीये. सुरुवातीची पंचवीस वर्षं हा प्रश्न विचारायची फारशी गरजच नव्हती, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

झालं असं की एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक ह्या रेडिओवेड्या प्रकाशकाने न्यूयॉर्कमधून ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं, नुसत्या विज्ञानकथांचं पहिलं इंग्रजी मासिक. पहिल्या अंकात सगळ्या जुन्याच कथा परत छापलेल्या, वेल्स, व्हर्न, पो वगैरे. त्याच्या तीन वर्षं आधीपासून ‘वीअर्ड टेल्स’ निघत होतं, तिथे भुताखेतांच्या आणि अद्भुत कथा. म्हणजे हा सगळा प्रकार आवडणाऱ्या माणसासमोर महिन्याला एखाद-दोन अंक, बास. ते वाचायचे आणि पुढच्या महिन्याची वाट बघायची. मुखपृष्ठं अशी भडक की घरच्यांसमोर बाहेर काढायची चोरी, आणि ज्याच्याशी बोलावं असं माणूस आजूबाजूला सापडेलच असं नाही.

गर्न्सबॅकने एक गोष्ट केली, बहुधा फार विचार करून नसेल केली, पण पुढचं सगळं तिच्यातून उगवलं. वाचकांची पत्रं छापताना तो खाली पत्र लिहिणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापायचा. घर नंबर, रस्ता, गाव, सगळं. आज हे वाचून अंगावर काटा येतो (कुणाचाही पत्ता असा चव्हाट्यावर!) पण तेव्हा एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला अंक उघडल्यावर कळायचं की आपल्यासारखाच एक वेडा अमुक शहरात तमुक रस्त्यावर राहतो. मग मासिकाला पत्र लिहिण्याऐवजी पोरं थेट एकमेकांनाच लिहायला लागली. ह्यातूनच ‘सायन्स करस्पॉन्डन्स क्लब’ झाला आणि मे १९३० मध्ये त्यांचं ‘द कॉमेट’ हे पत्रक निघालं, ज्याला साधारणपणे पहिलं फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेलं पत्रक, मानतात. गंमत म्हणजे मूळ बेत कथांबद्दल बोलायचा नव्हताच, विज्ञानावर गंभीर चर्चा करायची होती. ती गंभीर चर्चा किती टिकली ते सांगायला नको, थोड्याच दिवसांत एक गट कथांवर आणि दुसरा प्रयोगांवर अशी ओढाताण सुरू झाली आणि शेवटी कथावाले जिंकले.

ह्या पत्रांमध्ये पोरं लिहायची काय, तर मार्क द्यायची. अमुक कथा एक नंबर, तमुकमध्ये ग्रहाची कक्षाच चुकलीये, आणि ते प्रेमप्रकरण घुसडू नका हो मधे. ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या पत्रांच्या सदरात आयझॅक असिमॉव्हसुद्धा लेखक व्हायच्या आधी असाच हिरीरीने कथांचे नंबर लावायचा. तिथे जॉन कॅम्पबेल संपादक झाला आणि त्याने ह्या मार्कांचाच धंदा केला. १९३८ पासून त्याने एक छोटी चौकट सुरू केली, वाचकांनी अंकातल्या कथांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक पाठवायचे, त्यांची सरासरी काढायची आणि ती काही महिन्यांनी छापायची. सगळ्यांनी एखादी कथा पहिली ठरवली तर तिचा आकडा १, म्हणजे आकडा जितका कमी तितकी कथा भारी. पुढे पुढे पहिल्या येणाऱ्या लेखकाला बोनससुद्धा मिळायला लागला.

आता ह्यात एक गोष्ट बघा. असा हिशोब कधी जमतो? तर सगळ्यांनी एकाच महिन्यात तेच वाचलं असेल तरच. ‘काय वाचताय’ असं कुणी विचारत नव्हतं, ‘कशी वाटली’ एवढंच विचारत होते. सगळे एकाच ताटात जेवणारे.

मासिकांबाहेर जे लिहिलं जायचं ते सायक्लोस्टाइलवर, आणि पैसे नसले तर त्याहून स्वस्तातल्या हेक्टोग्राफवर. हेक्टोग्राफ म्हणजे ट्रेमध्ये जेलीसारखा थर, त्यावर खास शाईने लिहिलेला कागद उलटा दाबायचा, शाई जेलीत उतरते, मग कोरे कागद एकेक करून ठेवायचे आणि सोलून काढायचे. जांभळी अक्षरं, पन्नासेक प्रती निघेपर्यंत इतकी फिकी की शेवटच्या माणसाला अंदाजानेच वाचावं लागत असणार. सायक्लोस्टाइलमध्ये रिबन बाजूला करून टाइपरायटरने स्टेन्सिल कापायची, चुकलं की दुरुस्तीचं द्रव लावून परत टाइप. त्या द्रवाला ह्या लोकांनी ‘कॉरफ्लू’ नाव पाडलं आणि १९८४ पासून त्याच नावाचं संमेलन भरवतात, फक्त फॅनझीनवाल्यांचं. (कुठल्याही गोष्टीला आपलं एक नाव पाडायची ह्यांना खोडच. ‘फॅनझीन’ हा शब्दसुद्धा त्यातलाच, १९४० मध्ये लुई रसेल शॉव्हने ह्या फॅनने केलेला.)

१९३७ मध्ये डोनाल्ड वॉलहाइम वगैरे मंडळींनी एक मस्त व्यवस्था बसवली. प्रत्येक सभासदाने आपापलं पत्रक छापून सगळ्या प्रती एकाच माणसाकडे पाठवायच्या, तो सगळ्यांचे गठ्ठे लावून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एक गठ्ठा पोस्टाने टाकणार. मग पुढच्या गठ्ठ्यात तुम्ही मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, तू अमुक कादंबरीबद्दल म्हणालास ते पटलं नाही, तू म्हणतोस ती मी वाचतोय, वगैरे. सभासद मोजकेच, पुढे ६५ ची मर्यादा, आणि बाहेर रांग लावून उभे राहिलेले लोक. एका उत्तराला तीन महिने. आपण दोन मिनिटांत रिप्लाय आला नाही तर अस्वस्थ होतो.

प्रत्यक्ष भेटीगाठी पण ह्याच सुमाराला सुरू झाल्या. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्सला वीसेक जण जमले, त्यात तरुण आर्थर क्लार्क होता, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन झालं, साधारण दोनशे लोक. त्यातही भांडण झालंच, वॉलहाइमसकट सहा जणांना दारातूनच परत पाठवलं. शंभरातले नव्याण्णव लोक ज्याला पोरकटपणा म्हणतात त्या गोष्टीसाठी एकत्र आलेले, आणि तिथेही दोन तट. चालायचंच.

एकच ताट असण्याचे दिवस संपले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आधी फॅन लोकांनीच छोट्या छोट्या प्रकाशनसंस्था काढून मासिकांत पडलेल्या जुन्या कथा-कादंबऱ्या बांधीव पुस्तकात आणल्या, मग मोठ्या प्रकाशकांना वास लागला, १९५२ मध्ये बॅलन्टाइन सुरू झालं, १९५३ मध्ये एस ह्या प्रकाशनाने पेपरबॅक सायन्स फिक्शन सुरू केलं, नवीन मासिकंही पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. जे येईल ते सगळं वाचून काढायचं हा जो ह्या लोकांचा नियम होता तो इथे मोडला. आणि गठ्ठ्याने आलेल्यात भुसा किती! थिओडोर स्टर्जन ह्या लेखकाला कुणीतरी टोमणा मारायचं की सायन्स फिक्शनमधलं ९० टक्के तर कचरा असतो, तेव्हा त्याचं म्हणणं की हो, पण कशातलंही ९० टक्के कचराच असतो. बचाव म्हणून ठीक आहे, पण वाचकाचा प्रश्न तसाच राहिला ना, ते १० टक्के कुठलं हे सांगणार कोण? माझ्या मते ‘सध्या काय वाचताय’ ह्या प्रश्नाचा खरा जन्म इथला आहे. तो गप्पा सुरू करायला विचारलेला नाही, तो वेळ आणि पैसे वाचवायला विचारलेला आहे.

त्याचं उत्तर द्यायला मग माणसंही उभी राहिली. पी. शायलर मिलर ‘अस्टाउंडिंग’मध्ये दर महिन्याला पुस्तकांवर लिहायचा, १९६३ मध्ये त्यासाठी त्याला विज्ञानकथांसाठी असलेला ह्यूगो पुरस्कार खास म्हणून दिला. १९५६ पासून जुडिथ मेरिल वर्षातल्या निवडक कथांचे संग्रह काढायला लागली. १९६८ मध्ये ‘लोकस’ सुरू झालं, सुरुवातीला सायक्लोस्टाइलवरचंच पत्रक, आणि १९७१ पासून त्यांनी वाचकांचं मतदान घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४९ मध्ये काढलेली विज्ञानकथांची संस्था तर एवढी पुस्तकं जमवून बसली की त्यांचं ग्रंथालयच प्रसिद्ध झालं, आणि त्यांचं घोषवाक्य काय, तर आम्ही फॅन नाही, आम्ही नुसतं वाचतो. अशी मानभावी नम्रता मला फार आवडते.

पत्रांबद्दल बोलतोय तर जेम्स टिपट्री ज्युनिअरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६८ पासून ह्या नावाने कथा यायला लागल्या, एकापेक्षा एक. प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, फोन नाही, संमेलनाला येणं नाही, फक्त पत्रं. अर्सुला ली ग्विन, जोआना रस अशा लेखिकांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार, वाचनाबद्दल, लिखाणाबद्दल. लोकांचे अंदाज चालायचे, गुप्तहेर असेल, बाई तर नसेल? १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गने एका प्रस्तावनेत छातीठोकपणे लिहिलं की ही लेखणी पुरुषाचीच. आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षातच बाहेर आलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, साठीची बाई, आणि टिपट्री हे नाव घेतलेलं मुरंब्याच्या बरणीवरून. बिचाऱ्या सिल्व्हरबर्गला ते वाक्य अजून लोक ऐकवतात. पण मला त्यात जास्त भावतं ते हे, की नुसत्या वाचनाच्या जोरावर माणसं एवढी जवळ येत होती की समोरचा पुरुष आहे की बाई, ह्याने मैत्रीचं काही अडत नव्हतं.

फॅन्टसीचं प्रकरण थोडं वेगळं आणि तिने प्रश्नाला आणखी एक शेपूट लावलं. टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आलं तेव्हा ते महागड्या बांधीव आवृत्तीत. १९६५ मध्ये अमेरिकेत एसने परवानगी न घेता त्याची पेपरबॅक काढली, त्यावर ओरड झाली, मग बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती काढली, आणि ह्या सगळ्या भांडणात पुस्तक कॉलेजच्या पोरांच्या हातात जाऊन पडलं. मग तीन भागांचा साचा पडला, तीनाचे पाच, पाचाचे दहा. रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ १९९० मध्ये सुरू झाली, लेखक २००७ मध्ये गेला, ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पुरी केली आणि चौदावा भाग आला २०१३ मध्ये. तेवीस वर्षं. आता नुसतं ‘काय वाचताय’ विचारून भागेना, ‘कितव्या भागावर आहात’ हे आधी विचारावं लागतं, नाहीतर नको ते तोंडातून निघून जातं.

आणि इथे कॉम्प्युटर मध्ये आले. आर्पानेटवर, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून चाललेल्या नेटवर्कवर, १९७९ मध्ये ‘एसएफ-लव्हर्स’ नावाची यादी निघाली आणि संशोधक लोक कामाच्या मशीनवरून कादंबऱ्यांवर वाद घालायला लागले. पुढे यूजनेटवर, म्हणजे चर्चागटांच्या जाळ्यावर, हाच प्रकार हजारोंनी. तिथे दोन गोष्टी रुजल्या ज्या मला अजून आवडतात. एक म्हणजे गोष्ट फोडायची असेल तर ती उलटसुलट करून लिहायची, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, सव्वीसपैकी तेरा म्हणजे परत तेच केलं की मूळ मजकूर हजर. कुलूप काही नाही, कुणीही उघडू शकतो, पण चुकून डोळा पडून रहस्य फुटत नाही. गर्न्सबॅकच्या पोरांना असलं काही लागलंच नसतं, सगळे एकाच पानावर होते. दुसरी गोष्ट म्हणजे हरवलेली कथा शोधून द्या अशी विनंती. तिची इतकी रीघ लागली की त्याला ‘यासिड’ असं छोटं नाव पडलं, ‘यट अनदर स्टोरी आयडी’चं, म्हणजे ‘ओळखा अजून एक कथा’. लहानपणी वाचलेली, लेखक आठवत नाही, नाव आठवत नाही, मुखपृष्ठ बहुतेक हिरवं होतं आणि शेवटी तो म्हातारा यंत्र निघतो. एवढ्यावरून कुणीतरी अचूक सांगतो! आणि जॉर्डनबद्दलच्या चर्चेने तर इतर सगळ्यांना जागा उरेना, म्हणून त्याला वेगळा गटच काढून दिला.

इंग्रजीबाहेरही हीच भूक होती, वाटा वेगळ्या. सोव्हिएत रशियात अशा वाचकांचे क्लब होते आणि न छापलेले अनुवाद टाइप करून हातोहात फिरायचे. पोलंडमध्ये १९८२ मध्ये ‘फान्तास्तिका’ निघालं, सापकोव्स्की ह्या लेखकाचा राक्षस मारणारा नायक ‘विचर’ १९८६ मध्ये त्यातल्याच एका कथेतून आला. चीनमध्ये १९९९ च्या कॉलेज प्रवेशपरीक्षेत निबंधाला विषय आला, स्मृती दुसऱ्यात बसवता आल्या तर, आणि चेंगदूच्या विज्ञानकथा मासिकात नेमकं त्याच सुमाराला त्याच विषयावर छापून आलेलं. मग काय, जे पालक असली मासिकं हातातून काढून घेत असतील तेच विकत आणून देणार ना! ल्यू त्सिशिनची ‘थ्री बॉडी’ ही कादंबरी २००६ मध्ये ह्याच मासिकात क्रमशः आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वाचनाची नोंद ठेवायच्या साइट्स आल्या, २००५ मध्ये लायब्ररीथिंग, मग २००७ मध्ये गुडरीड्स, आणि गुडरीड्समध्ये खातं उघडलं की आपोआप तीन कप्पे, वाचून झालेलं, वाचायचंय आणि सध्या वाचतोय. प्रश्नाचं बटण झालं. २०१५ पासून रेडिटवरच्या फॅन्टसीवाल्यांचा बिंगो चालतो, पाच बाय पाचचे पंचवीस चौकोन, प्रत्येकात एक अट आणि त्या अटीत बसणारं पुस्तक वाचायचं, एप्रिल ते मार्च, एका कार्डावर एक लेखक एकदाच, म्हणजे आवडत्या लेखकाच्या मागे लपायची सोय नाही. वाचायचंयचा कप्पा तर कुणाचाच रिकामा होत नाही, त्याला लोक डोंगर म्हणतात ते उगाच नाही.

माझं विचाराल तर मी जॉर्डनच्या आठव्या भागात आहे, गेले चार महिने. आठ ते दहा हा चिखल आहे हे जुन्या वाचकांमध्ये सर्वश्रुत आहे, तिथे गाडी रुततेच. अकराव्यापासून सुटते म्हणतात, तोपर्यंत मला कुणी शेवट सांगू नका, सांगायचाच असेल तर तेरा घरं सरकवून सांगा.