‘मोठ्या घरी कामाला होती’: स्कॉटलंडच्या नोकरपट्टीच्या याद्यांविषयी

आमच्याकडे मंडळी येतात ती बहुधा माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद वाचून घ्यायला. अलीकडे मात्र वेगळीच विचारणा होऊ लागली आहे. मुलगी स्कॉटिश घरात दिलेली, नातवंडांना वडिलांकडचं कूळ सांगायचंय, आणि हाताशी एवढंच ऐकीव, की त्यांच्या पणजीची पणजी कुठेतरी ‘मोठ्या घरी कामाला होती’. एवढ्यावरून काही सापडतं का? कधीकधी सापडतं, आणि तेही नोकर ठेवण्यावरच्या एका करामुळे, म्हणजे नोकरपट्टीमुळे.

अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्या सरकारने १७७७ मध्ये घरातल्या पुरुष नोकरांवर माणशी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग कर बसवला. तो मालकाने भरायचा. बटलर, कोचवान, मोतद्दार, माळी असे नोकर त्यात धरले जात. शेतात राबणारे गडी वगळलेले होते. म्हणून पूर्वज शेतगडी असेल, तर यादीत नाव नाही याचा अर्थ तो त्या गावात नव्हता असा काढू नका.

मोलकरणींवरचा कर पुढचे पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांच्या कारकिर्दीत आला आणि १७८५ ते १७९२ एवढाच चालला. एक मोलकरीण असेल तर अडीच शिलिंग, दोन असतील तर प्रत्येकी पाच, तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकी दहा. म्हणजे दोघींचे दहा शिलिंग, आणि तिसरी ठेवली की एकदम तीस! अविवाहित मालकाला दुप्पट भरावे लागत. चौदा वर्षांखालच्या दोन मुलांमागे एका मोलकरणीची सूट मिळे. त्यामुळे मालक सडाफटिंग होता की लेकुरवाळा, याचाही सुगावा लागतो.

पण आमच्या दृष्टीने खरं मोल आहे ते नोकरांच्या नावांचं. मालकाचं नाव जमिनीच्या कागदांत, मृत्युपत्रांत, कज्ज्यांत शंभर ठिकाणी मिळतं. मोलकरणीचं कुठे मिळणार? स्कॉटलंडमध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव नोंदवणारी जनगणना १८४१ पासूनची, जन्ममृत्यूची सक्तीची नोंद १८५५ पासूनची. त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी कारकुनाने मोजदाद करताना तिचं नाव मालकाच्या नावासमोर लिहून ठेवलं. तिच्यासाठी नव्हे, वसुलीसाठी, पण लिहिलं. अशी ओळ समोर आली की आजही आमचा हात क्षणभर थांबतो.

वाचताना जपून. मोडीत जसं ‘रा. रा.’ तसं इथे ‘मार्गारेट’चं नुसतं ‘मार्गट’ होतं. जॅनेट आणि जेसी एकच बाई असू शकते. शिवाय हीच नावं पानोपानी येतात, आणि वय, जन्मगाव, आईबाप यांचा सहसा पत्ता नसतो. म्हणून केवळ नाव जुळलं म्हणून आम्ही नातं लावून देत नाही. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींशी ताडून पाहतो.

मूळ वह्या एडिंबराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परगणा आणि शहरवार लावलेल्या या वह्यांची छायाचित्रं इंटरनेटवर पाहता येतात. आधी स्वतः चाळून बघा. अक्षर लागलं नाही तर पानाची प्रत घेऊन या. सोबत परगणा, गाव आणि मालकाच्या घराचं नाव, जे काही घरात ठाऊक असेल ते लिहून आणा. आजीच्या तोंडचं अर्धवट नावसुद्धा चालेल.