हीटरचा पंखा बंद पडला? मोटार बदलण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीतल्या हीटरचा पंखा फिरेनासा झाला की पहिला संशय मोटारीवर जातो. आमच्याकडे येणारे काही ग्राहक तर नवी मोटार हातात घेऊनच येतात. जुन्या मॉडेलची मोटार मिळवायला किती शोधाशोध करावी लागते, ते आम्ही जाणतो. म्हणूनच विनंती, की जुनी मोटार काढण्याआधी तिच्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचते का, तेवढे पाहा. त्यासाठी साधा मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प पुरतो. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, बस्स.

नुसत्या मल्टिमीटरवर भागत नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायर एका तारेवर लोंबकळत असली तरी तो बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर ओढतो. कनेक्शन कच्चे असेल तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही.

सुरुवात फ्यूजपासून

फ्यूज नुसता बघू नका, काढून बघा. काचेच्या फ्यूजची तार टोपीच्या आत तुटली तर बाहेरून दिसत नाही. त्याहून जास्त वेळा दोष फ्यूज धरणाऱ्या पितळी पट्ट्यांत सापडतो. त्यांच्यावर हिरवट पूड धरलेली असते, पकड सैल झालेली असते. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, चिमटीत धरून हलकेच आवळा आणि फ्यूज परत बसवा. अनेकदा पंखा एवढ्यानेच सुरू होतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याजागी मोठा फ्यूज टाकू नका, चांदीचा कागद गुंडाळणे तर दूरच. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असते. त्या आकड्याला तो उडतो, सतत पेलतो त्याच्या साधारण निम्मेच. तिथे आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज बसवला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

वाटेत किती व्होल्ट हरवतात

आमच्या मते खरी तपासणी हीच. पंखा चालू ठेवून (फिरत नसला तरी स्विच चालू हवा) तीन ठिकाणी मोजा. पहिले बॅटरीच्या दोन टोकांत. दुसरे बॅटरीच्या गरम टोकापासून, म्हणजे जे बॉडीला जोडलेले नाही तिथून, मोटारीच्या गरम टर्मिनलपर्यंत. तिसरे मोटारीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या, टोकापासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी प्रत्येकी अर्धा व्होल्ट गेला तर चालते. त्याहून जास्त गेला तर दोष त्या बाजूला आहे.

एका गाडीचे आकडे सांगतो. नुकताच रंग दिलेली देखणी गाडी, पण पंखा जेमतेम फिरत होता आणि मालकांनी नवी मोटार आणलेली होती. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. गरम बाजूला ०.४ गेले, अर्थच्या बाजूला ३.३. मोटारीला उरले अवघे ८.७. अर्थचा बोल्ट उघडला, तर लगच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली नव्या रंगाचा गुळगुळीत थर होता. रंगकाम करणाऱ्याने बोल्टची जागा झाकलीच नव्हती. नाण्याएवढी जागा पत्र्यापर्यंत खरवडली, दातेरी (स्टार) वॉशर घातला, वर ग्रीस लावले. तोटा ०.१ वर आला आणि जुनीच मोटार जोमाने फिरू लागली. नवी मोटार त्यांनी डब्यात जपून ठेवली आहे. रंगकाम झालेल्या प्रत्येक गाडीत आम्ही आता आधी अर्थ बघतो.

तोटा गरम बाजूला असेल तर स्विचच्या मागच्या टर्मिनलला हात लावून पाहा. पंखा दहा मिनिटे चालल्यावर ते चटका देण्याइतके तापले किंवा वायरचे प्लॅस्टिक तपकिरी पडले, तर दोष तिथेच.

फक्त फास्टवर चालतो?

बहुतेक गाड्यांत स्लो स्पीडसाठी वाटेत रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा भाग, असतो. तो तुटला की स्लो बंद पडतो आणि फास्ट चालू राहतो. रेझिस्टर सुटा करून मोजा. काही ओहम दिसले पाहिजेत, काहीच दिसले नाही तर तो गेला. फास्टच बंद असेल तर स्विच पाहा.

मोटारच असेल तर

वायरी सोडवा आणि मोटारीला इनलाइन (वायरीतच बसणारा) फ्यूज लावून थेट बॅटरी द्या. त्यावरही ती गप्प असेल तर हाताने फिरवून पाहा. जड फिरत असेल तर बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) कोरडे पडलेले असतात किंवा हाउसिंगमध्ये वाळकी पाने अडकलेली असतात. मग मोटार जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडतो. बुशला हलक्या तेलाचे एकदोन थेंब द्या, ते कम्युटेटरवर (कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) जाऊ देऊ नका. हाताने हलकी फिरते पण वीज दिल्यावर फिरत नाही, तर कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत. बहुधा कार्बन बदलता येतात. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत काळी भुकटी साचते, ती लाकडी काडीने काढा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, होत्या. जुन्या, चुंबकाऐवजी कॉइल असलेल्या मोटारीला याने फरक पडत नाही. कायम चुंबकाची बदली मोटार मात्र वायरी उलट लागल्या की उलटी फिरते. पिंजऱ्यासारखा पंखा असेल तर वारा तरीही त्याच दिशेने येतो, फक्त अगदी कमी. त्यामुळे चूक पटकन कळत नाही. वायरींची अदलाबदल करून पाहा, पण मोटारीची बॉडीच अर्थ असेल तर करू नका, सरळ शॉर्ट होईल.

डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची केबल काढा, फक्त मोजताना जोडा. आणि गाडी आमच्याकडे आणणार असाल तर ते तीन आकडे कागदावर लिहून आणा. आमचे निम्मे काम तिथेच होते.