ओम शिनरिक्यो : विसर्जन आणि बंदी

ओम शिनरिक्यो हा जपानमधील एक धार्मिक पंथ. २० मार्च १९९५ रोजी सकाळी, ऐन कामावर जाण्याच्या वेळी, त्याच्या पाच अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरीन हे विषारी रसायन सोडले. तेरा माणसे दगावली आणि हजारोंना बाधा झाली. बाधितांपैकी एक महिला २५ वर्षे अंथरुणाला खिळून होती. २०२० मध्ये तिचाही मृत्यू झाला. लोकशाही राज्याला एखाद्या धर्मपंथावर कायद्याने बंदी घालता येते का, या चर्चेत ओमचे उदाहरण हमखास येते आणि जपानने या पंथावर बंदी घातली, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. पंथाची नोंदणी गेली, मालमत्ता गेली, संस्थापकाला फाशी झाली. पण पंथ बेकायदा ठरवला गेला नाही. त्याचे वारसदार गट आजही उघडपणे अस्तित्वात आहेत.

पंथाच्या नावातला ‘ओम’ आपल्या ओळखीचाच, ॐकारातून घेतलेला. ‘शिनरि’ म्हणजे सत्य आणि ‘क्यो’ म्हणजे शिकवण. चिझुओ मात्सुमोतो ऊर्फ शोको आसाहारा याने १९८४ मध्ये योगवर्ग म्हणून सुरुवात केली. १९८७ मध्ये हे नाव आले. ऑगस्ट १९८९ मध्ये टोकियोच्या प्रशासनाने धार्मिक संस्था म्हणून नोंदणी दिली आणि तिच्यासोबत करसवलतीही मिळाल्या. तीनच महिन्यांनी, अनुयायांच्या कुटुंबीयांची बाजू लढवणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि तान्हा मुलगा यांचा पंथाच्या माणसांनी खून केला. ‘पुरुष’ असे संस्कृत नाव असलेला पंथाचा बिल्ला साकामोतो यांच्या घरात सापडला होता, तरीही तपास त्या दिशेने नेटाने गेला नाही. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सरीनने माणसे मेली, तेव्हा संशय घेतला गेला तो पहिली खबर देणाऱ्या रहिवाशावरच. खून आणि विषप्रयोग हे गुन्हे त्या काळीही फौजदारी कायद्यात होतेच. उणीव होती ती आहे तो कायदा वापरण्याची. बंदीचा प्रश्न तपासताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

जपानी राज्यसंस्था पंथांवर हात टाकायला कचरत होती, त्यामागे जुनी जखम होती. १९२५ च्या शांतता संरक्षण कायद्याखाली युद्धपूर्व सरकारने अनेक पंथ चिरडले. १९३५ मध्ये ओमोतो या पंथाच्या नेत्यांना अटक झाली आणि आयाबे व कामेओका येथील त्याची देवस्थाने उद्ध्वस्त करण्यात आली. कामेओकात तर सुरुंग लावले गेले. सोका क्योइकु गाक्काई या बौद्ध संघटनेचे संस्थापक त्सुनेसाबुरो माकिगुची १९४४ मध्ये तुरुंगातच वारले. १९४७ मध्ये अमलात आलेल्या संविधानातील धर्मस्वातंत्र्याचे २० वे कलम या अनुभवानंतरचे आहे.

म्हणूनच १९९५ नंतर जपानी न्यायालयांनी आणि यंत्रणांनी एकाच प्रश्नाचे तीन प्रश्न केले: संस्थेचा कायदेशीर दर्जा, माणसांचा समूह आणि माणसाची श्रद्धा. पहिला १९५१ च्या धार्मिक संस्था कायद्याने सुटला. कायदा मोडून सार्वजनिक हिताला उघड व गंभीर बाधा आणणारी संस्था त्याच्या ८१ व्या कलमाखाली न्यायालय विसर्जित करू शकते. टोकियो जिल्हा न्यायालयाने ३० ऑक्टोबर १९९५ रोजी तसा आदेश दिला आणि ३० जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नोंदणीकृत संस्था संपली, तरी अनुयायांना एकत्र येऊन उपासना करण्याची मनाई होत नाही, हा त्या निकालाचा कणा आहे.

खरी बंदी १९५२ च्या विध्वंसक कारवाया प्रतिबंधक कायद्यातून येऊ शकली असती. जुलै १९९६ मध्ये सरकारी तपास यंत्रणेने तसा अर्जही केला. तो कायदा लागू झाला असता, तर पंथासाठी काम करणेच बेकायदा ठरले असते. ३१ जानेवारी १९९७ रोजी सार्वजनिक सुरक्षा परीक्षण आयोगाने अर्ज फेटाळला. नेते गजाआड आणि पैसा जप्त असताना हा समूह पुढेही हिंसाचार करील, असे मानायला पुरेसा आधार नाही, हे त्याचे कारण. पीडितांच्या दुःखापुढे हा निर्णय कोरडा वाटू शकतो. तरीही तो योग्यच होता, कारण गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगाराला होते, तर संघटनेवरील बंदी भविष्यातल्या धोक्यावर उभी राहते आणि तो धोका सिद्ध करावा लागतो.

लोकांची भीती मात्र खोटी नव्हती. म्हणून डिसेंबर १९९९ मध्ये वेगळा कायदा झाला. सरसकट हत्याकांड घडवलेल्या संघटनेवर त्याखाली देखरेख ठेवता येते. कायद्यात ओमचे नाव नाही, पण तो कुणासाठी आहे हे सर्वांना ठाऊक होते. दर तीन महिन्यांनी सदस्यांचा व मालमत्तेचा अहवाल द्यायचा, अधिकाऱ्यांना जागेची तपासणी करू द्यायची, आणि मुदत दर तीन वर्षांनी नव्याने ठरायची. २००० मध्ये पंथाने ‘आलेफ’ हे नाव घेतले. २००७ मध्ये ‘हिकारी नो वा’ हा गट फुटून निघाला. मालमत्तेची पुरती माहिती न दिल्याने मार्च २०२३ मध्ये आलेफवर सहा महिन्यांचे अधिक कडक निर्बंध आले. दरम्यान अनेक नगरपालिकांनी अनुयायांची रहिवासी नोंदणीच नाकारली होती. शेजाऱ्यांची धास्ती समजण्यासारखी असली, तरी नोंदणीवाचून साधा आरोग्य विमाही अडतो. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार बेकायदा ठरवला.

याच ८१ व्या कलमाखाली २५ मार्च २०२५ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्च या दक्षिण कोरियात उगम पावलेल्या पंथाच्या विसर्जनाचा आदेश दिला. ओमच्या प्रकरणात आधार सामूहिक हत्येसाठी सरीन बनवल्याचा होता. येथे तो होता अनुयायांवर दडपण आणून उकळलेल्या देणग्यांचा, म्हणजे फौजदारी नव्हे तर दिवाणी स्वरूपाच्या अपकृत्यांचा. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली आणि संशयिताने आईने या चर्चला दिलेल्या देणग्यांनी घर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले, तेव्हा कुठे या जुन्या तक्रारींकडे सरकारचे लक्ष वळले. या आदेशातही प्रार्थनेला मनाई नाही. जाते ती नोंदणी आणि तिच्यासोबतची करसवलत.