कॉन्सेप्ट अल्बम की मेटल ऑपेरा? पाहुणे गायक मोजणं थांबवा

सांगलीत पॉवर मेटल, म्हणजे वेगवान पण सुरेल हेवी मेटल, ऐकणारी पोरं मोजकी आहेत, पण वादाला कमी पडत नाहीत. विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की पंधरा मिनिटांत यातलं एक वाक्य हमखास कानावर पडतं. "भावा, कॅमेलॉटचा 'द ब्लॅक हेलो' म्हणजे खरा मेटल ऑपेरा." नाहीतर, "अव्हांटेशियाचा कॉन्सेप्ट भारी आहे, पण गायकांची नुसती गर्दी. सॅमेटनं एकट्यानं गायला पाहिजे होता." नाहीतर, "ब्लाइंड गार्डियनच्या त्या 'नाइटफॉल' अल्बममध्ये कोण बोलतंय तेच कळत नाही." कॅमेलॉट, अव्हांटेशिया, ब्लाइंड गार्डियन ही तिन्ही याच संगीतातली नावं, आणि टोबियास सॅमेट हा अव्हांटेशियाचा कर्ता गायक. तिन्ही मतं एकाच घोळातून येतात. कॉन्सेप्ट अल्बमला ऑपेराचं माप लावायचं, ऑपेराला कॉन्सेप्ट अल्बमचं, आणि मग अल्बम मापात बसला नाही म्हणून त्यालाच नावं ठेवायची.

कॉन्सेप्ट अल्बम काय असतो हे इथं वाचणाऱ्याला ठाऊक आहे. गाणी सुटी नसतात, सगळ्यांतून एक धागा जातो, म्हणून शफल बंद ठेवून क्रमानं ऐकायची. धागा नुसत्या विषयाचा असू शकतो. सॅबाटन या बँडच्या 2019 च्या 'द ग्रेट वॉर'मध्ये पहिलं महायुद्ध आहे, पण प्रत्येक गाण्यात माणसं वेगळी. धागा कथेचाही असू शकतो. हा फरक सोपा आहे, त्यात कोणी फारसं अडकत नाही.

मात्र मुखपृष्ठावर झगा घातलेला म्हातारा आणि नावापुढं 'भाग 1, भाग 2' दिसलं की लगेच कॉन्सेप्ट म्हणायची सवय सोडा. हेलोवीन या बँडचे 1987 आणि 1988 चे 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' हे दोन्ही भाग मला अतिशय प्रिय आहेत, पण ते कॉन्सेप्ट अल्बम नाहीत. किल्ल्यांची गोष्ट दुसऱ्या भागातल्या तेरा मिनिटांच्या शीर्षकगीतात आहे. त्याच अल्बमवर 'डॉक्टर स्टाइन'सारखं थट्टेचं गाणं आहे, त्याचा त्या किल्ल्यांशी काही संबंध नाही.

आता जिथं सगळे घसरतात तिथं येऊ. ऑपेरा ठरवताना लोक पाहुणे गायक मोजतात. दोन पाहुणे असले तर कॉन्सेप्ट, आठ असले तर ऑपेरा. काही जण ऑर्केस्ट्रा आणि लॅटिन कोरस मोजतात, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे: गायलेली ओळ कोणाच्या मालकीची? कथा सांगणारा गायक पात्रांच्या वतीनं गातोय, की पात्र स्वतःच गातंय आणि त्या पात्राचा गळा दुसऱ्या कुणाला मिळत नाही?

खरं तर हा फरक सांगलीकराला शिकवावा लागू नये. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. त्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा. राम, सीता, रावण रंगभूमीवर यायचे, बोलायचे, लढायचे, पण गाणं सूत्रधाराचं आणि त्याच्या साथीदारांचं. पुढं 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं आणि पद पात्राच्या तोंडी गेलं. शकुंतलेचं पद शकुंतलाच म्हणणार. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच वाटेनं 1899 मध्ये 'शारदा' लिहिलं. शारदेचं गाऱ्हाणं भुजंगनाथाच्या तोंडी घालून बघा, नाटक तिथंच कोसळेल. भाव्यांच्या सूत्रधाराला मात्र दोघांचीही पदं म्हणता आली असती, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकलं नसतं.

ब्लाइंड गार्डियनचा 1998 चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' थेट भाव्यांच्या पद्धतीचा आहे. टोल्किनच्या 'सिल्मारिलियन' या काल्पनिक पुराणकथांच्या पुस्तकावर बेतलेला, 22 ट्रॅकचा अल्बम. त्यातली 11 पूर्ण गाणी आणि बाकीचे छोटे जोडतुकडे. काही तुकड्यांत नट बोलतात, पण गाणी सगळी बँडचा गायक हान्सी क्युर्शच्या गळ्यातली. 'इन्टू द स्टॉर्म' ऐका. चोरलेल्या रत्नांवरून दुष्टांचा राजा मॉरगॉथ आणि महाकाय कोळीण अंगोलियांट यांची जुंपलेली आहे आणि दोघांच्याही तोंडचं हान्सीच गातो. पुढं ती रत्नं घडवणाऱ्या फेआनॉरचा राग हान्सीच्याच गळ्यातला, फेआनॉरचा मुलगा मायद्रॉसच्या कैदेतल्या यातनाही त्याच्याच. 'कोण बोलतंय कळत नाही' ही तक्रार इथंच उगवते. पण ऑपेरात दोन गळे वेगळे असल्यामुळं जे आपोआप कळतं, ते इथं दुसऱ्या मार्गानं कळवलेलं आहे. हान्सी स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवतो, कुठं खरखरीत, कुठं कोरसमध्ये विरघळलेला. ते थर नीट ऐकले की पात्रं सुटी होतात. हेडफोन लावून ऐका, मोटारसायकलवरून जाताना नको.

आणि ते जोडतुकडे गाळून प्लेलिस्ट करणाऱ्यांवर माझा कायमचा राग आहे. "भरताड आहे, नुसती बडबड," म्हणे. पहिल्याच तुकड्यात सेनापती सॉरॉन हरलेल्या मॉरगॉथला पळून जायला सांगतो. म्हणजे शेवट आधी दाखवलाय, आणि पुढचं सगळं त्या पराभवाच्या सावलीत ऐकायचं आहे. तो तुकडा काढलात तर 'इन्टू द स्टॉर्म' एक जोरकस पहिलं गाणं उरतं, एवढंच. सूत्रधार गात असताना पात्रांना बोलायला जागा लागते, ती या तुकड्यांनी दिलेली आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला अव्हांटेशियाचा 'द मेटल ऑपेरा', पहिला भाग 2001 चा, दुसरा 2002 चा. काळ 1602, गाव जर्मनीतलं माइन्झ. टोबियास सॅमेट आहे गॅब्रिएल लायमन, तरुण डोमिनिकन मठवासी. त्याची सावत्र बहीण अॅना चेटकीण म्हणून तुरुंगात पडते, तिचा आवाज शॅरन डेन आडेलचा. कोठडीत गॅब्रिएलला भेटणारा ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) लुगेड वांद्रॉय म्हणजे मायकल किस्के, ज्याचं नाव पहिल्या भागावर नुसतं 'अर्नी' छापलं होतं. बिशप रॉब रॉक, पोप ऑलिव्हर हार्टमन, एल्फ आंद्रे मातोस, बुटका रेग्रिन काय हान्सेन. इथं गर्दी कुठं आहे? नाटकात जितकी पात्रं तितके गळे. "सॅमेटनं एकट्यानं गायला पाहिजे होता" असं म्हणणाऱ्यानं पोप आणि गॅब्रिएल एकाच गळ्यातून ऐकून बघावेत. ज्या सत्तेविरुद्ध हा पोरगा उभा आहे तिचा आवाज वेगळा राहिला नाही, तर भांडण कोणाशी?

म्हणून माझी कसोटी अशी: मनातल्या मनात गायकांची अदलाबदल करा. ओळी दुसऱ्या गळ्याला दिल्यावर कथा मोडली तर ऑपेरा. नुसता रंग बदलला आणि कथा शाबूत राहिली तर कॉन्सेप्ट अल्बम.

आता 'द ब्लॅक हेलो' या कसोटीवर घ्या. 2005 चा अल्बम, गटेच्या 'फाउस्ट'वरून घेतलेल्या कथेचा दुसरा भाग. पहिला 2003 चा 'एपिका'. (सिमोन सिमन्सच्या बँडनं आपलं नाव याच अल्बमवरून घेतलं, आणि तीच पुढं 'द ब्लॅक हेलो'वर पाहुणी म्हणून आली.) पात्रं आहेत, पाहुणे आहेत, मेफिस्टो या सैतानासाठी डिमू बोर्गिर या ब्लॅक मेटल बँडचा शाग्राथ आणलाय. मग हा ऑपेरा का नाही? 'मार्च ऑफ मेफिस्टो'चे शब्द समोर ठेवून ऐका. मेफिस्टो स्वतःची ओळख करून देतो त्या ओळी कॅमेलॉटचा तेव्हाचा गायक रॉय खानही गातो. एरियलची, म्हणजे फाउस्टच्या जागी असलेल्या नायकाची, भूमिका गाणारा गायकच सैतानाचे शब्द उचलतो आणि शाग्राथची गुरगुर त्या ओळींना खालून दात लावते. ऑपेरा असता तर ही ढोबळ चूक ठरली असती. इथं तोच या गाण्याचा प्राण आहे, कारण सैतान एरियलच्या बाहेर किती आणि आत किती हे धूसर राहायला हवं. खान हा कथा सांगणारा आहे, शाग्राथ त्याच्या आवाजाला पडलेली काळी कड. याला ऑपेरा म्हणणारे कौतुक म्हणून म्हणतात हे मला माहीत आहे, पण त्या कौतुकात अल्बमची सगळ्यात धाडसी गोष्टच हरवते.

उलट बाजूही बघा. अव्हांटेशिया हे नाव असलं म्हणजे ऑपेराच, असं नाही. 2019 च्या 'मूनग्लो'वर पाहुण्यांची रांग आहे, पण तो जगात नकोसा होऊन अंधाराकडं ओढल्या जाणाऱ्या एका जिवाचा अल्बम आहे. बहुतेक ठिकाणी गळे बदलले तरी कथा हलत नाही. तिथं "पात्रं ठसत नाहीत" अशी तक्रार करणं म्हणजे नसलेल्या गोष्टीचा हिशेब मागणं.

माझी पसंती विचाराल तर सूत्रधाराच्या बाजूनं. एकाच गळ्यातून चार माणसं उभी करणं जास्त अवघड आहे आणि 'नाइटफॉल'नं ते साधलंय. ऑपेराच्या नावाखाली होणारा एक प्रकार तर मला अजिबात सहन होत नाही: नामवंत गायक बोलवायचे, प्रत्येकाला एकेक उंच सूर आणि एकसारखा कोरस द्यायचा, आणि पुस्तिकेत पात्रांची नावं छापायची. पुस्तिका मिटली की कोण राजा आणि कोण भिकारी ते ओळखू येत नाही. 'द मेटल ऑपेरा' याला अपवाद आहे म्हणूनच तो टिकलाय.

तो ऐकायचा तर पहिला भाग आधी, शब्द समोर ठेवून. दुसऱ्या भागाची सुरुवातच 'द सेव्हन एंजल्स' या चौदा मिनिटांच्या गाण्यानं होते आणि त्यात जवळपास सगळी मंडळी एकामागून एक येतात. पहिला भाग झाला असेल तर तिथं शब्दांचा कागद बाजूला ठेवून नुसत्या आवाजावरून पात्रं ओळखता येतात.